वहीत भरलेली, आत रिकामी: अभ्यासखोल्यांच्या आरक्षणाची नवी घडी

परीक्षा जवळ आली की विद्यापीठाच्या ग्रंथालयातली गटचर्चेच्या खोल्यांची वही उघडून पाहा. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत एकही ओळ मोकळी सापडत नाही. मग त्या खोल्यांच्या दारापर्यंत जा. एका खोलीत सहाजणांच्या टेबलापाशी एकच मुलगा मोबाइल चार्जिंगला लावून बसलेला असतो. दुसरीत नुसती दप्तरे, बाटल्या आणि खुर्चीवर टाकलेला रुमाल. तिसरीत पंखा फिरतोय आणि आत कोणीच नाही. बाहेर जिन्याच्या पायऱ्यांवर मात्र चौघीजणी मांडीवर वह्या घेऊन उद्याच्या सेमिनारची तयारी करत असतात. जागा अपुरी आहे ही तक्रार खरीच आहे. पण आहे ती जागाही वाया जाते, याची नोंद कुठेच होत नाही.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे ‘ऑनलाइन करून टाका’. वही जाते, ॲप येते आणि रिकामी खोली तशीच राहते. फरक एवढाच, की आता ती मोबाइलवर लाल रंगात भरलेली दिसते. ज्यांना ही पद्धत नव्याने बसवायची आहे अशा ग्रंथपालांना, प्राध्यापकांना आणि विद्यार्थी प्रतिनिधींना माझे सांगणे आहे: आधी दोन गोष्टी ठरवा. नाव लावून जो आला नाही त्याच्या वेळेचे काय करायचे, आणि या रांगेत सर्वांत मागे उभा असलेला विद्यार्थी कोण. सॉफ्टवेअरचा विचार त्यानंतर.

परभणीचे उदाहरण घेऊ. इथले कृषी विद्यापीठ 18 मे 1972 रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि 2013 पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. कृषी, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान, सामुदायिक विज्ञान अशा शाखांची मुले इथे शिकतात. शहरातली आणि तालुक्याच्या ठिकाणची महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मोठा फरक आहे, आणि आरक्षणाची पद्धत आखताना तोच नेमका विसरला जातो. काही मुले वसतिगृहात राहतात, काही शहरात खोली करून राहतात, आणि काही रोज ये-जा करतात. पूर्णा, सेलू, गंगाखेडहून रेल्वेने. जिंतूर, पाथरीहून एसटीने. वसतिगृहातल्या मुलाला संध्याकाळी सातची खोली मिळाली तरी चालते. सेलूच्या मुलीला ती मिळून न मिळाल्यासारखीच.

वाटपाचा हा प्रश्न परभणी जिल्ह्याला नवा नाही. जायकवाडी धरणाचा डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे आणि या जिल्ह्यातल्या शेतांपर्यंत येतो. कालव्याचे पाणी शेजपाळीने मिळते. शेतकरी आधी नमुना क्रमांक 7 मध्ये पाण्याची मागणी करतो, मागण्या पाहून पाळ्यांचा कार्यक्रम ठरतो, आणि पाणी टेलकडून हेडकडे द्यावे अशी पद्धत सांगितली जाते. शेवटच्या टोकाचे शेत आधी भिजवायचे, कारण वरच्यांनी आधी घेतले की खाली काही उरत नाही. प्रत्यक्षात टेलच्या शेतकऱ्याची तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते, ती ही पद्धत पाळली न गेल्याची. कृषी विद्यापीठाच्या मुलांना हे वेगळे शिकवायला नको. अभ्यासखोल्यांचेही वाटप असेच करायचे आहे: मागणी आधी, पाळी ठरलेली आणि टेलचा विचार पहिला.

सुरुवात मोजणीने करा. दोन आठवडे, एक साधा छापील तक्ता. उभ्या रकान्यात तास, आडव्या ओळीत खोल्या. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने किंवा ‘कमवा व शिका’ योजनेतल्या विद्यार्थ्याने दर तासाला एक फेरी मारायची आणि प्रत्येक चौकटीत तीनच गोष्टी लिहायच्या: वहीत नाव आहे का, आत माणसे आहेत का, किती आहेत. एक आठवडा साध्या दिवसांतला घ्या, दुसरा परीक्षेच्या आसपासचा. अंतिम वर्षाची मुले ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावांत मुक्कामाला गेलेली असतात तेव्हाची गर्दी आणि ती परतल्यानंतरची गर्दी वेगळी असते. उन्हाळ्यात तर खोलीला असलेली मागणी कुलरच्या मागे जाते. एप्रिल-मेमध्ये परभणीचा पारा चाळिशीच्या बराच वर जातो. कुलर नसलेली खोली दुपारी रिकामी दिसली, तर तो दोष बुकिंग पद्धतीचा नव्हे. मोजणी केली नाही तर हे दोन दोष एकमेकांत मिसळतात आणि खर्च भलत्याच जागी होतो.

हिशेब सोपा आहे. समजा चार खोल्या आहेत, ग्रंथालय बारा तास उघडे असते आणि एक स्लॉट दोन तासांचा आहे. म्हणजे दिवसाला चोवीस स्लॉट. त्यातले सहा जरी नाव लावून रिकामे गेले, तरी रोज बारा तास वाया गेले, म्हणजे एक अख्खी खोली दिवसभर कुलूपबंद ठेवल्यासारखेच. नवी खोली बांधायला निधी, निविदा आणि दोन-तीन वर्षे लागतात. ही एक खोली केवळ नियम बदलून परत मिळते. कुलसचिवांसमोर प्रस्ताव ठेवताना हा आकडा सगळ्यात वर लिहा.

मोजणीबरोबर माणसांशीही बोला, पण ग्रंथालयात बसलेल्यांशीच नको. ते तर कसेबसे जागा मिळवतातच. ज्यांनी ग्रंथालयात येणे सोडून दिले त्यांना शोधा: कँटीनमध्ये, बसथांब्यावर, विभागाच्या व्हरांड्यात. ‘सूचना द्या’ असे विचारले तर ‘खोल्या वाढवा’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा, ‘मागच्या वेळी गटाने बसायचे होते तेव्हा कुठे बसलात? खोली का नाही घेतली?’ या प्रश्नाला खरी उत्तरे मिळतात. खोल्या आहेत हेच माहीत नव्हते. सीनियरच घेतात असे ऐकले होते. आम्ही तिघी होतो आणि नियम पाचजणांचा होता. माझ्या फोनवर ते पान उघडतच नाही.

आता नियम. इथे थोडे रेंगाळायला हवे, कारण सगळी मेख इथेच आहे.

पहिली पळवाट प्रत्येक ग्रंथालयात सापडते. नियम असतो, एका विद्यार्थ्याला दिवसाला एकच स्लॉट. चौघांचा गट येतो. पहिला नऊ ते अकरा नाव लावतो, दुसरा अकरा ते एक, तिसरा एक ते तीन, चौथा तीन ते पाच. चौघांनीही नियम तंतोतंत पाळला आणि खोली आठ तास त्यांच्याकडेच राहिली. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. नियमच तसा लिहिला आहे. उपाय असा: बुकिंग करताना गटातल्या सगळ्यांचे नोंदणी क्रमांक घ्या आणि ते दोन तास प्रत्येकाच्या खात्यातून वजा करा. आठवड्याला प्रत्येकी सहा तास, अशी मर्यादा ठेवून पाहा. गटाची किमान संख्या तीन पुरे. पाच ठेवली की मुले खोटी नावे घालायला शिकतात.

दुसरा प्रश्न, बुकिंग किती वाजता उघडायचे. हा तांत्रिक तपशील वाटतो, पण खोली कोणाला मिळणार हे बहुतेक वेळा इथेच ठरते. संगणकाला रात्री बारा वाजता नवा दिवस सुरू करणे सोयीचे असते, म्हणून बऱ्याच ठिकाणी रात्री बारालाच पुढच्या दिवसाची खिडकी उघडते. त्या वेळी वसतिगृहात वायफायवर जागी असलेली मुले पाच मिनिटांत सगळे स्लॉट संपवतात. गावाकडे नेटवर्कच्या शोधात गच्चीवर जावे लागणारा मुलगा सकाळी उठतो तेव्हा पाटी कोरी नसते. बुकिंग दुपारी एक वाजता उघडा. जेवणाची सुट्टी असते, सगळे आवारातच असतात, आणि ज्याच्याकडे चांगला फोन नाही तो काउंटरवर येऊन नाव लावू शकतो. तीन दिवस आधीपर्यंतचेच आरक्षण द्या. दोन-दोन आठवडे आधी नाव लावणाऱ्याला आपण येऊ की नाही हे स्वतःलाच माहीत नसते.

त्यापुढची पायरी वादाची आहे, तरी माझे मत ठाम आहे. सकाळी अकरा ते दुपारी तीन हे तास ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आधी खुले करावेत. बुकिंगची खिडकी उघडल्यावर पहिला दिवस त्यांचा, उरलेले स्लॉट दुसऱ्या दिवसापासून सर्वांसाठी. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांचे यात फारसे नुकसान नाही, कारण संध्याकाळ त्यांच्याकडे आहेच. मुलींच्या वसतिगृहाची परतीची वेळ लवकरची असेल तर त्या विद्यार्थिनींनाही या प्राधान्यात घ्या. हा नियम गुपचूप लावू नका. कारणासह फलकावर लिहा. कारण समजले की बहुतेक मुले मान्य करतात.

आणि एक खोली आरक्षणाबाहेर ठेवा. रोज सकाळी जो येईल त्याला, काउंटरवर ओळखपत्र दाखवून, तिथल्या तिथे. सगळे आयुष्य आधी ठरवून चालत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकांनी ‘उद्याचा सेमिनार आज दुपारीच घेऊ’ असे सांगितले, तर पदव्युत्तर विद्यार्थ्याने जायचे कुठे?

न आलेल्याच्या वेळेकडे वळू. स्लॉट सुरू झाल्यापासून पंधरा मिनिटांत हजेरी लागली नाही तर खोली आपोआप मोकळी व्हावी आणि प्रतीक्षायादीतल्या पहिल्या गटाला कळावे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक सवलत जरूर द्या: ‘उशीर होतोय’ असे एक बटण, जे एका बुकिंगला एकदाच वापरता येईल आणि आणखी पंधरा मिनिटे देईल. मनमाड-काचीगुडा मार्गावरची गाडी उशिरा आली तर तो सेलूच्या मुलाचा गुन्हा नाही.

हजेरी कशी घ्यायची? दारावर क्यूआर कोड चिकटवला की काम झाले असे वाटते. दोन दिवसांत त्या कोडचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि वसतिगृहाच्या खाटेवरून हजेरी लागते. कोड छापायचाच असेल तर रोज बदला. त्याहून बरे म्हणजे ओळखपत्रावरचा बारकोड काउंटरवर स्कॅन करणे. पुस्तके देण्याघेण्यासाठी तो स्कॅनर बहुतेक ग्रंथालयांत आधीच असतो. गटातल्या किमान तिघांची कार्डे स्कॅन झाली की किल्ली द्यायची. खोटी नावे घालण्याचा प्रश्नही इथेच मिटतो.

दंडाबद्दल. पैशाचा दंड लावू नका. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावल्यावर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले. पैसे भरले की उशीर करायचा हक्क मिळाला, असे पालकांनी धरले. अभ्यासखोलीतही पन्नास रुपये हा ज्याला परवडतो त्याच्यासाठी खोली अडवून ठेवण्याचा भाव होईल, आणि ज्याला परवडत नाही तो चुकूनही नाव लावणार नाही. त्यापेक्षा पायरीपायरीने जा. पहिल्यांदा न येणाऱ्याला फक्त निरोप. महिन्यात दुसऱ्यांदा झाले तर आठवडाभर आगाऊ बुकिंग बंद. पण त्या दिवशी मोकळी असलेली खोली मिळण्याचा हक्क कायम. तिसऱ्यांदा झाले तर ग्रंथपालांना भेटणे. सामायिक साधनांच्या व्यवस्थापनावर आयुष्यभर काम केलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. जगभरच्या टिकलेल्या सामायिक व्यवस्थांमध्ये त्यांना हेच दिसले: शिक्षा सौम्यपणे सुरू होते, टप्प्याटप्प्याने वाढते, आणि नियम करताना वापरणाऱ्यांना विचारलेले असते.

काही अपवाद नियमातच लिहून ठेवा, कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका. अंध विद्यार्थ्याला वाचून दाखवणारा सोबती घेऊन बसायचे असते. ते दोघेच असतात, आणि मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांचा अभ्यास होत नाही. त्यांना तीनजणांचा नियम लावला तर ग्रंथालयात त्यांच्यासाठी जागाच उरत नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यासाठी तळमजल्यावरची खोली, आणि तीही आगाऊ मागितली तर नक्की. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. खोल्यांच्या नियमावलीत तो दिसला पाहिजे.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा विषय वेगळा काढतो. कृषी पदवी घेऊन एमपीएससीची तयारी करणारी मुले मराठवाड्यात फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांना दहा-दहा तास एकट्याने, शांत बसायचे असते. शहरातल्या खासगी अभ्यासिका महिन्याचे पैसे घेतात आणि ते प्रत्येकाला झेपत नाहीत. या मुलांना गटचर्चेच्या खोल्यांतून हाकलणे हे उत्तर नव्हे, आणि खोल्या त्यांच्या ताब्यात जाऊ देणेही नव्हे. त्यांची गरज खोलीची नसून खुर्चीची आहे. वाचनकक्षात क्रमांक टाकलेल्या खुर्च्या आणि पंधरवड्याचा पास अशी स्वतंत्र सोय करा. दोन गरजा एकाच वहीत कोंबल्या की भांडणे होणारच.

एवढे ठरले, की मग पडदा. मोबाइलवर पान उघडताच पहिल्या ओळीत ‘आत्ता मोकळ्या खोल्या’ दिसाव्यात, कारण निम्म्या वेळा विद्यार्थ्याला तेवढेच हवे असते. तारीख निवडायचे कॅलेंडर त्याखाली. भाषा मराठी, आणि वेळ ‘14:00’ अशी न लिहिता ‘दुपारी 2 ते 4’ अशी. नुसत्या लाल-हिरव्या रंगावर भागवू नका. हे दोन रंग वेगळे न ओळखता येणारी मुले प्रत्येक वर्गात असू शकतात. रंगासोबत ‘मोकळी’, ‘भरलेली’ हे शब्द हवेतच. दरवेळी ओटीपी मागू नका. प्रत्येक खोलीच्या नावापुढे तिची खरी अवस्था लिहा: सहा खुर्च्या, दोन प्लग, फळा आहे, पंखा दुरुस्तीला. पंखा बंद असल्याचे आधी कळले तर विद्यार्थी वेगळी खोली घेतो. नाही कळले तर येऊन निघून जातो आणि तुमच्या नोंदीत उगाच ‘गैरहजर’ ठरतो.

खोली कोणाच्या नावावर आहे हे मात्र कोणालाही दिसू देऊ नका. दारावरच्या कागदावर किंवा पडद्यावर विद्यार्थिनीचे नाव आणि ‘सायंकाळी 6 ते 8’ असे झळकले, की ती त्या वेळी नेमकी कुठे असेल हे सगळ्या आवाराला कळते. तिथे ‘आरक्षित’ एवढाच शब्द पुरे. नावे फक्त काउंटरवर. जुन्या नोंदी सत्र संपल्यावर नावे काढून टाकून फक्त आकड्यांपुरत्या ठेवा.

सॉफ्टवेअरसाठी लाखो रुपये लागतात, हा समज खोटा आहे. ‘एमआरबीएस’ आणि ‘लिब्रेबुकिंग’ ही दोन्ही खोल्यांच्या आरक्षणाची मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे आहेत. संगणक विभागातला जाणकार प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी ती विद्यापीठाच्या सर्व्हरवर बसवू शकतात. गटातल्या प्रत्येकाच्या खात्यातून तास वजा करण्यासारख्या नियमासाठी थोडी जुळवाजुळव करावी लागेल. ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदींसाठी ‘कोहा’ हे सॉफ्टवेअर असेल तर सभासदांची यादी तिथूनच घ्या, नवी खाती उघडायला लावू नका. तयार सेवा विकत घेणार असाल तर करारात एक अट हवी: सगळ्या नोंदी आपल्याला केव्हाही उतरवून घेता आल्या पाहिजेत. मानवत किंवा पालमच्या छोट्या महाविद्यालयात एकच खोली असेल तर यातले काही नको. चांगली आखलेली वही आणि पंधरा मिनिटांचा नियम पुरेसा आहे. गूगल फॉर्मच्या मोहात मात्र पडू नका. एकाच वेळेसाठी दोघांनी भरलेला फॉर्म तो आपणहून अडवत नाही. निरोप एसएमएसने पाठवायचे असतील तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार संस्थेची डीएलटी नोंदणी (संदेश पाठवणाऱ्या संस्थांची नोंद) आणि संदेशाच्या मसुद्याची मंजुरी आधी लागते. त्यात वेळ जातो, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी करा.

वीज जाईल, नेट जाईल. रोज सकाळी ग्रंथालय उघडताना त्या दिवसाच्या यादीची एक छापील प्रत काउंटरवर ठेवा. पडदा बंद पडला तर कागदावर हजेरी घ्यायची आणि नंतर चढवायची. हे काम कोणाचे, ते नावानिशी ठरवा.

पहिल्याच दिवशी सगळ्या खोल्यांना नवी पद्धत लावू नका. दोन खोल्या, एक महिना, आणि तो महिना परीक्षेचा नको. दर सोमवारी फलकावर तीन आकडे लावा: किती स्लॉट आरक्षित झाले, त्यातले किती रिकामे गेले, आणि ये-जा करणाऱ्या किती विद्यार्थ्यांना खोली मिळाली. तिसरा आकडा वाढत नसेल, तर पहिले दोन कितीही चांगले असले तरी नियम पुन्हा तपासावे लागतील. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना या चर्चेत पहिल्या दिवसापासून बसवा. कोण कोणती पळवाट काढतो हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते, आणि नियम मोडणाऱ्याशी बोलायची वेळही त्यांच्यावरच येते.

विद्यार्थी प्रतिनिधींना एक विनंती. ‘अभ्यासखोल्या वाढवा’ असे निवेदन घेऊन ग्रंथपालांकडे जाऊ नका. तशी निवेदने फाइलला लागतात. दोन आठवड्यांचा तो तासावारी तक्ता भरा, रिकाम्या गेलेल्या तासांची बेरीज करा आणि ती घेऊन जा. तक्त्याला एक कागद, एक पेन आणि काउंटरवरच्या काकांची परवानगी लागते. पुढचे सत्र सुरू झाले की दुसऱ्याच आठवड्यात भरायला घ्या.